चिडलेल्या गिऱ्हाइकाची नोकरी

माझ्या नाकावर राग असतो हे मी कबूल करतो. मी नाही केलं तर आमची बायको करते. बत्तीस वर्षं रत्नागिरीच्या स्टँडवर मी वाहतूक नियंत्रक होतो. चौकशीच्या खिडकीत बसायचं, गाड्यांची नोंद करायची, लाऊडस्पीकरवरून गाडी पुकारायची आणि दिवसभर "लांजा कधी लागेल हो?" या एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं. पहिल्या माणसाला मी नीट सांगायचो. तिसऱ्याला म्हणायचो, बोर्ड वाचता येत नाही काय. दहाव्याला मान वर न करताच उत्तर. तक्रार वही मागितली तर वही साहेबांकडे असायची, आणि साहेब कायम मीटिंगला. लोक माझ्या खिडकीला बिचकायचे आणि मला त्याचा, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

निवृत्त झालो तेव्हा बायकोने गळ्याची शपथ घातली की स्टँडची पायरी चढायची नाही. गेलात की तिथल्या पोरांच्या कामात नाक खुपसाल, म्हणाली. तिचं बरोबर होतं. मी चार वर्षं स्टँडकडे फिरकलो नाही. पण गाड्यांचं वेळापत्रक डोक्यातून थोडंच जातं? अजूनही कोणी गावाचं नाव घेतलं की मला पाठोपाठ गाडीची वेळ ऐकू येते.

एकदा बाजारात मासे घेत होतो. डोक्यावर ओढणी घेतलेली एक तिशीची बाई समोर येऊन उभी राहिली. "काका, ओळखलंत? मी कॉलेजात असताना तुम्ही मला खिडकीवर रडवलं होतंत."

मी सुरमईकडे बघत राहिलो.

ती हसली. खाडीपलीकडच्या गावातली मुलगी. वडील बोटीवर होते. तिने स्वतः आखातात एका हॉटेलच्या काउंटरवर आठ वर्षं काम केलं होतं आणि आता परत येऊन इथे क्लास काढला होता. शिकलेल्या पण नोकरी न मिळालेल्या पोरांना बोलायला, ऐकायला, चार माणसांत उभं राहायला शिकवायचं. ती त्याला सॉफ्ट स्किल्स म्हणायची. मी म्हटलं, मऊ भात ऐकलाय, ही मऊ कौशल्यं कसली?

"तेच शिकवते, काका. पण मला एक चिडलेलं गिऱ्हाईक हवंय. पोरं एकमेकांवर खोटं खोटं चिडतात आणि हसत सुटतात. तुमच्यासारखं खरं ओरडणारं रत्नागिरीत दुसरं कोणी नाही."

मला राग यायला हवा होता. उलट गुदगुल्या झाल्या. पगार चहा-खारीचा ठरला आणि मी कामाला लागलो.

खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत क्लास होता. पंधरा-सोळा मुलं-मुली, बहुतेक आतल्या गावांतली. बाप मुंबईला, घरात आई आणि हातात डिग्रीचा कागद. पहिल्या दिवशी मॅडमनी, पोरं तिला मॅडम म्हणायची म्हणून मीही तेच धरलं, मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "ओरडा. मी दुकानदार." मी सुरू झालो. नवीन पंखा आठ दिवसांत बंद पडला, तुम्ही लोक चोर आहात, तुमच्या मालकाला बोलवा, सगळा तोंडाचा पट्टा सोडला. ती बाई मधे एक अक्षर बोलली नाही. माझा दम संपेपर्यंत माझ्याकडे बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पंखा आठ दिवसांत बंद पडला आणि तुम्हाला दोनदा हेलपाटा पडला. बरोबर ना?" मी म्हटलं, बरोबर. "उद्या अकराच्या आत माणूस पाठवते." आणि काय सांगू, माझ्याकडे बोलायला काहीच उरलं नाही. मी तोंड उघडून बसलो. पोरं हसली. मी नाही हसलो. इतक्या वर्षांत माझं असं कोणी ऐकून घेतलं नव्हतं, आणि मीही कोणाचं घेतलं नव्हतं.

तिचे नियम थोडे होते. समोरच्याला पुरतं बोलू द्या. त्याचं म्हणणं एका वाक्यात त्यालाच परत सांगा. मग तुम्ही काय करू शकता आणि कधी, तेवढं बोला. आणि कारणं सांगत बसू नका. हा शेवटचा नियम मला फारच आवडला. मी तो उचलूनच धरला. पोरांना सांगायचो, चिडलेल्या माणसापुढे कारण म्हणजे चुलीत रॉकेल.

मॅडमची आणखी एक गोष्ट मला मनापासून पटली. पोरांच्या बोलण्याला ती कधी हसली नाही. आमच्याकडे आतल्या गावातलं माणूस वाक्याचं शेपूट गिळतं, शेवटचे दोन शब्द तोंडातच राहतात. ती म्हणायची, गावचं बोलणं सोडू नका, फक्त वाक्य शेवटपर्यंत न्या. खिशात हात घालून येणाऱ्याला ती ओरडायची नाही, पुन्हा दाराबाहेर जाऊन यायला सांगायची. सहा-सहा वेळा. पोरगा कंटाळायचा, पण ती नाही कंटाळायची. मी असतो तर तिसऱ्या वेळी त्याला घरी पाठवला असता.

त्या पोरांत एक मुलगी होती. लांजा तालुक्यातल्या एका आडगावची, लांज्याला बी.ए. केलेली. मान खाली, आवाज खाली. ओळख करून देताना सगळ्यांनी बँक, कंपनी, दुबई सांगितलं. ही म्हणाली, "मला हितंच नोकरी पायजे." मॅडमनी का विचारलं तेव्हा हळूहळू निघालं. वडील मुंबईला. ते गणपतीत येणार आणि जाताना तिला घेऊन जाणार. तिथे चुलत्याच्या एका खोलीत राहून त्यांची पोरं सांभाळायची. तोपर्यंत इथे नोकरी लागली तर मात्र ती राहणार, असं बापाने कबूल केलेलं. "मी गेले तर आई एकटी राहील," एवढं बोलून ती बसली. दोन ठिकाणी मुलाखती देऊन झाल्या होत्या. दोन्हीकडे एकच शेरा, पोरगी बरी आहे पण बोलत नाही.

मी तिच्यावर पहिल्यांदा ओरडलो तेव्हा ती सरळ उठून आत गेली. मला वाटलं रडायला गेली. तर पाण्याचा तांब्या-भांडं घेऊन आली, माझ्यापुढे ठेवलं आणि उभी राहिली. खोली हसून हसून लोळली. गावाकडची रीत ती, भांडायला आलेल्यालाही आधी पाणी. मॅडम हसल्या नाहीत. "पाणी दिलंस, छान. आता बोल." ती बोलली नाही. पुढचे दोन आठवडे मी ओरडत होतो आणि ती पाणी देत होती.

आणि वर उशीर. क्लास साडेनऊचा, ही रोज पावणेदहाला दारात. आषाढातली गोष्ट, सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपला लाल चिखलाने माखलेल्या. एक दिवस माझं डोकं सणकलं, आणि ते काही गिऱ्हाइकाचं सोंग नव्हतं. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या गावची वस्तीची गाडी, रात्री गावात थांबून सकाळी निघणारी, साडेआठला स्टँडवर लागते. कित्येक वर्षं मी तिची नोंद केलीय, मला शिकवू नका. साडेआठ ते पावणेदहा काय करता? भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला जाता? आणि गाडीतून उतरणारं माणूस एवढं भिजतं कसं? छत्री उघडायला हात दुखतात?" तिने तोंड उघडलं होतं. मी बोट वर केलं. "कारण नको. काय शिकलीस इथे? कारणं सांगायची नाहीत."

तिने तोंड मिटलं. मग म्हणाली, "चुकलं, काका. उद्यापासून येळेवर येईन."

आणि दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या आधीच ती पायरीवर हजर. त्यानंतर एक दिवस उशीर नाही. मी मॅडमना चहा पिताना ऐकवलं, बघा, कधी कधी आवाजच लागतो. मॅडमनी खारी माझ्याकडे सरकवली.

तिच्यात फरक मात्र पडत गेला, तो मी डोळ्यांनी पाहिला. आधी मान वर आली. मग एक दिवस मी पंख्यावरून ओरडत असताना तिने पाणी ठेवलं आणि माझं म्हणणं मला परत सांगितलं, शेपटासकट. माझा आवाज जरा खाली आला होता, तर म्हणाली, "काका, आणखी वराडा, मला सराव पायजे." पोरीने माझ्यावर ताण केली. घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, एवढी वर्षं मी पाणी द्यायला हवं होतं.

श्रावणात मॅडमनी तिला एका खासगी दवाखान्याच्या काउंटरवर चिकटवलं. आठ दिवस बघू, मग ठरवू, असं मॅनेजर म्हणाला होता. गणपती तोंडावर आलेले. हे हुकलं की मुंबई, हे क्लासातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

आठवा दिवस शनिवार. शनिवारी तिथे कोल्हापूरचे हाडांचे डॉक्टर येतात. माझा गुडघा तसा वर्षभर दुखतो, पण तो शनिवारीच दाखवावा असं मला वाटलं. बायकोने ओळखलं. "गुडघा दाखवा, तोंड दाखवू नका," एवढंच म्हणाली.

दवाखाना तुडुंब. मुलगी काउंटरवर नीट बसलेली, केस बांधलेले. तिची धांदल नको म्हणून मी ओळख दाखवली नाही. तिनेही चौदा नंबर दिला आणि विचारलं, "गाव कुठलं?" मी म्हटलं, हेच, रत्नागिरी. माझ्या मागे दोघं सोडून उभ्या असलेल्या म्हातारीलाही तेच, "आजी, गाव कुठलं?" मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे माणूस आधी गाव विचारतं, मग कोणाचे ते विचारतं, मग आत्या कुठे दिलीय ते निघतं. मॅडमनी बजावलं होतं की काउंटरवर खासगी चौकशा नकोत. मनात म्हटलं, गेली ही पोर.

बसलो. अकरा गेला, बारा गेला, तेरा गेला. मग तिने सतराला आत सोडलं. असेल काही, म्हटलं. मग एकोणीस. मग सोळा. घड्याळात साडेतीन वाजून गेले. गुडघा ठणकायला लागला आणि त्याच्याबरोबर डोकं. शेजारचा माणूस पुटपुटला, "ओळखीवर चालतं सगळं." झालं. बत्तीस वर्षांची सवय ती. मी उठलो आणि कुठे आहे, कशासाठी आलोय, समोर कोण बसलंय, सगळं विसरलो.

"ओ बाई, आम्ही काय इथे शोभेला बसलोय? नंबर कशाला देता मग? गाववाल्यांना आधी आणि आम्ही आपले बसा बोंबलत?"

माझा आवाज लाऊडस्पीकरवर तयार झालेला. आतला मॅनेजर बाहेर आला. बाकावरचे आणखी दोघं-तिघं उठून माझ्या बाजूने बोलायला लागले. आणि मग मला तिचा चेहरा दिसला. अरे देवा. आठवा दिवस, आणि तिची नोकरी घालवायला आलो तो मी.

तिने ग्लासभर पाणी माझ्यापुढे ठेवलं. सगळ्यांना बोलू दिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा नंबर चौदा. सतरा, एकोणीस, सोळा तुमच्या आधी गेले. तुम्हाला पाऊण तास जास्त बसावं लागलं. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं.

"चारच्या आत तुम्हाला सोडते."

शेपटासकट, स्वच्छ. आवाज कापला नाही. मॅनेजरने मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "पण नंबर मागेपुढे का केलेस?" ती गप्प. "अगं, काही कारण असेल ना?" तरी गप्प. मॅनेजर म्हणाला, "हे असं चालणार नाही," आणि माझ्याकडे वळून, "काका, तुमची तक्रार लेखी द्या. वही घ्या." त्याने खरंच वही आणून काउंटरवर ठेवली. माझ्या खिडकीत कधी न सापडलेली ती वही, इथे मागितल्याशिवाय समोर आली.

मी पेन काढलं, आणि तेवढ्यात माझी नजर तिच्या रजिस्टरवर पडली. उलटं वाचायची मला सवय आहे, खिडकीत बसून बसून लागते. नंबराशेजारी पेन्सिलीने गावं लिहिलेली, आणि गावापुढे वेळ. सतरा, साटवली, चार दहा. एकोणीस, पुन्हा साटवली. सोळा, भांबेड, चार वीस. चौदापुढे रत्नागिरी आणि एक रेघ. त्या माझ्या गाड्या होत्या. परतीच्या शेवटच्या गाड्या. त्या चुकल्या तर म्हातारं माणूस रात्रभर स्टँडच्या बाकावर बसतं, आणि अशी कितीतरी माणसं मी खिडकीतून बघितली होती. मी त्यांना काय सांगायचो? बोर्ड वाचता येत नाही काय.

आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला.

मी वहीत लिहिलं. "या दवाखान्यात नंबर देताना गाव विचारण्याची पद्धत नाही, ती या मुलीने सुरू केली. ती कायम ठेवावी, नाहीतर मी पुन्हा येऊन ओरडेन." आणि खाली यादी काढायला बसलो. गाव, शेवटची गाडी, वेळ. सगळी तोंडपाठ. मॅनेजर माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्याला मी रजिस्टर दाखवलं, पेन्सिलीच्या वेळा दाखवल्या. "साटवलीची म्हातारी माझ्यानंतर गेली असती तर आज तुमच्या दारात झोपली असती," म्हटलं. माझ्या बाजूने भांडणारे दोघं आपापल्या जागी जाऊन बसले. मॅनेजर तसा भला माणूस. तो तिला म्हणाला, "मग हे सांगायचंस ना."

यादी मी तिच्याकडे दिली. वाटलं, खूश होईल. ती वाचत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. शेवटी मुद्दाम तिचं गाव लिहिलं होतं, वस्तीची गाडी, संध्याकाळी सहा.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "ही गाडी बंद झालीय."

"कधी?"

"दोन वर्षं होतील. माणसंच नव्हती गाडीला."

"मग तू येतेस कशी?"

"फाट्यापर्यंत चालत. तास लागतो. तिथून हायवेची गाडी."

मी हिशोब केला. तो मला करता येतो. हायवेच्या ज्या गाडीने ती पावणेदहाला पोचायची तिच्या आधीची गाडी फाट्यावर सातच्या आतली. म्हणजे मी ओरडलो त्या दिवसापासून ही पोर अंधारात घर सोडत होती, आषाढाच्या पावसात, गुडघाभर पाण्यातून. मी विचारलं, एकटी? तर म्हणाली, "आई बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत यायची. मग परत जायची."

"त्या दिवशी मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बोट वर केलंत. कारण नको म्हणालात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच मला जास्त लागलं. मी वही परत घेतली. ती सहाची गाडी माझ्याच हाताने खोडली आणि समोर लिहिलं, गाडी नाही. फाट्यावरून चालत एक तास. हिला पाचला सोडावे. बत्तीस वर्षांत कुठल्याही गावापुढे "गाडी नाही" असं मी लिहिलं नव्हतं. मॅनेजरने वाचलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सोमवारपासून पाचला निघत जा."

ती पाण्याचा ग्लास उचलून आत गेली आणि बऱ्याच वेळाने बाहेर आली. मग मला बरोबर चारला पाच कमी असताना आत सोडलं.

संध्याकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, चूक माझीही आहे, काका. सबब आणि अडचण यात फरक असतो, तो मी शिकवायलाच विसरले. सोमवारी त्यांनी तो नियम फळ्यावरून पुसला आणि सगळ्या वर्गासमोर का पुसला ते सांगितलं. हे असं शिकवणाऱ्याने करायला मोठं मन लागतं. माझ्यात ते नव्हतं, म्हणून मी मागे बसून गपचूप खारी खाल्ली.

गणपतीत तिचे वडील आले. विसर्जन झाल्यावर मुंबईला परत जाताना तिला न्यायचं ते ठरलेलं, त्याऐवजी तिच्या आईला घेऊन ते दवाखान्यात आले आणि तासभर बाकावर बसून मुलीला काम करताना बघत राहिले. मला तिने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. वडील म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला हितंच." मग स्टँडवर गेले, एकटेच.

आई मागे थांबली. बारीकशी बाई, हातात कापडी पिशवी. पिशवीत तवसं, आमची पावसाळ्यातली मोठी काकडी, दारच्या वेलावरची. ती माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुमी वराडलात म्हणून माज्या पोरीला येळेवर जायची सवय लागली. लई उपकार झाले."

मी तवसं घेतलं. हातात ते चांगलंच जड लागलं. बॅटरी घेऊन फाट्यापर्यंत जाणारी आणि एकटी परत येणारी ती हीच, आणि ही माझे आभार मानत होती. मुलगी काउंटरवरून आमच्याकडेच बघत होती.

"चुकलं माझं, वहिनी," मी म्हटलं. खिडकीत बसून जन्मात कधी बोललो नव्हतो ते वाक्य. "गाडी बंद झाल्याचं मला ठाऊक नव्हतं. न विचारताच मी ओरडलो."

तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलली नाही. मग हसून म्हणाली, "म्हणजे दोन म्हयने तुमचीबी गाडी चुकलीच म्हणायची," आणि पिशवीतून आणखी एक तवसं काढून माझ्या हातात दिलं.